मद्गु, गुराब आणि पाणकावळा

मराठी वाचकाला गुराब भेटते ती बहुधा कान्होजी आंग्र्यांच्या संगतीत. ‘गुराबा आणि गलबते’ ही जोडी आरमाराच्या इतिहासात इतक्या वेळा येते की आपण तिच्यावरून नजर सरकवून पुढच्या लढाईकडे जातो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातल्या आरमाराच्या प्रकरणातही ही जोडी आहे. गुराबा फार थोर नकोत, फार लहान नकोत, मध्यम असाव्यात, असा तिथला सल्ला. पण गुराबेला थांबवून तिचे कूळ विचारले, तर ती अरबीकडे बोट दाखवते. अरबीत ‘ग़ुराब’ म्हणजे कावळा, आणि नेमकेच सांगायचे तर डोमकावळा.

जहाजाला डोमकावळ्याचे नाव का पडावे? पहिले उत्तर रंगाचे. लाकूड पाण्याने कुजू नये म्हणून डांबर फासलेली काळी कूस दुरून कावळ्यासारखी दिसत असावी. दुसरे उत्तर बांध्याचे, आणि मला तेच अधिक पटते. अठराव्या शतकातला इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने गुराबेचे बारकाईने वर्णन केले आहे. लांबीच्या मानाने ती रुंद. मध्यापासून पुढे निमुळती होत जाणारी. आणि इतर जहाजांची नाळ जिथे गोल होऊन संपते तिथे हिची एक लांबट चोच पाण्यावर पुढे आलेली. दोन डोलकाठ्यांची गुराब दीडशे टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांची तीनशे टनांच्या आसपास. चोचीच्या मागे आडवी लाकडी भिंत, त्या भिंतीत भोके आणि भोकांतून थेट पुढे रोखलेल्या दोन तोफा. म्हणजे पाठलाग करणारी गुराब चोचीच्या दिशेनेच मारा करायची. ज्याने हे नाव पहिल्यांदा उच्चारले त्याने आधी कावळा नीट पाहिला असला पाहिजे, एवढे तरी उघड दिसते.

रोमनांनाही हेच सुचले होते. कार्थेजशी झालेल्या पहिल्या युद्धात, इ. स. पू. 260 च्या मिलाईच्या लढाईत, त्यांनी शत्रूच्या नौकेवर आदळून रुतणारा टोकदार खिळ्याचा पूल वापरला. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस त्याला ‘कोरॅक्स’ म्हणतो, आणि कोरॅक्स म्हणजे पुन्हा डोमकावळाच.

अरबी धातूकडे थोडे वळू या, कारण तिथे एक ओळखीचा माणूस उभा आहे. ग़-र-ब या तीन व्यंजनांतून ‘ग़र्ब’ म्हणजे पश्चिम, सूर्य जिथे मावळतो ती बाजू. त्यातूनच ‘मग़रिब’, सूर्यास्ताची नमाज. आणि त्यातूनच ‘ग़रीब’. अरबीत ग़रीब म्हणजे परका, दूरदेशीहून आलेला. फारसीच्या वाटेने आपल्याकडे येईतो त्या परक्याच्या खिशातले पैसे संपलेले दिसतात. मूळ अर्थ ‘अजीबोग़रीब’ या हिंदी-उर्दू जोडशब्दात मात्र टिकून आहे. गुराब, गरीब आणि मगरिब ही सख्खी भावंडे आहेत की नुसती सारख्या चेहऱ्याची, यावर ठाम बोलता येणार नाही. कावळ्याचे हे नाव सेमिटिक कुळात फार जुने आहे. हिब्रूत तो ‘ओरेव’ आहे. ते त्याच्या आवाजावरूनच पडले असावे, जसे संस्कृतात ‘काक’ पडले. ग्रीक ‘काराबोस’ हाही एक दावेदार आहे. त्याचा अर्थ शिंगाळा भुंगेरा, शेवंडासारखा कवचाचा जलचर, आणि हलकी नौकासुद्धा. पोर्तुगिजांची ‘काराव्हेला’ त्याच शब्दातून निघालेली दिसते. अरबांनी काराबोस ऐकला आणि आपल्या ओळखीच्या ग़ुराबाच्या रूपात बसवला, असे झाले असेल तर आपला डोमकावळा शेवंडाच्या पोटी जन्मला म्हणायचा.

शब्दांतून आता खुद्द पाण्यावर येऊ. अशा तारवांचा आणि मुंबईजवळच्या पनवेलचा संबंध जुना. खाडीच्या टोकाचे हे बंदर. बोरघाटातून गाडीरस्ता 1830 मध्ये खुला झाला तेव्हा मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस आधी शिडाच्या होडीने पनवेलला उतरायचा आणि मग घाटाकडे वळायचा. 1856 मध्ये आगगाडी कल्याणवरून खोपोलीपर्यंत गेली आणि ही वाट मागे पडत गेली. पण तोवर पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी भरतीची वेळ साधून, घारापुरीला वळसा घालून, मचव्यातून हा प्रवास केला होता. दुपारी समुद्रावरून येणारा वारा शिडात घेऊन आत यायचे, आणि पहाटे जमिनीवरून सुटणाऱ्या वाऱ्यावर बाहेर पडायचे. त्या पहाटवाऱ्याला कोकणात ‘मतलई’ म्हणतात. हा शब्द अरबी ‘मत्‌ला’ पासून आलेला दिसतो. मत्‌ला म्हणजे उगवण्याची जागा, पूर्व. अरब नाखवे होकायंत्राच्या दिशा ताऱ्यांच्या उदयास्तावरून मोजत, त्यांतल्या उदयाच्या दिशेला ते मत्‌ला म्हणत. गझलेच्या पहिल्या शेराला आपण ‘मतला’ म्हणतो तो हाच शब्द, कारण गझल तिथून उगवते. सुरेश भटांची गझल वाचणाऱ्याला आणि पहाटे शीड उभारणाऱ्या तांडेलाला एकाच अरबी शब्दाने बांधले आहे, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नसावा.

आता मूळ कोड्याकडे. नौकेला कावळ्याचे नाव द्यायला रंग आणि चोच पुरेशी आहेत, हे खरे. पण कावळा समुद्रावर मुळात आला कुठून? तो जलचर नव्हे. त्याला पोहता येत नाही, पाण्यावर टेकता येत नाही. आणि नेमके म्हणूनच खलाशी त्याला बरोबर नेत. पाली बावेरु जातकात व्यापारी बावेरूला, म्हणजे बहुधा बाबिलोनला, एक ‘दिसाकाक’ घेऊन जातात. संस्कृतात त्याला दिशाकाक म्हणता येईल. दीघनिकायात असाच एक ‘तीरदस्सी सकुण’ आहे, तीर दाखवणारा पक्षी. जमीन दिसेनाशी झाली की त्याला सोडायचे. तो चारी दिशांना फिरतो. तीर दिसले तर तिकडे जातो, न दिसले तर परत नौकेवर येतो. यामागचे गणित सोपे आहे. पाण्यापासून 3 मीटर उंचीवर उभ्या माणसाला क्षितिज 6 किलोमीटरवर दिसते. 300 मीटर उंच गेलेल्या पक्ष्याला ते 60 किलोमीटरच्या पुढे दिसते. रोमन ग्रंथकार प्लिनीनेही ताम्रपर्णी म्हणजे सिंहलद्वीपच्या खलाशांबद्दल हेच लिहून ठेवले आहे: ते पक्षी सोडतात आणि त्यांच्या मागोमाग जमिनीला लागतात. भक्तिकाव्यात जहाजावरून उडून पुन्हा जहाजावरच परतणाऱ्या पक्ष्याची जी प्रतिमा येते, तिचे मूळ या व्यवहारातच असावे.

याचा सर्वांत देखणा दाखला मात्र उत्तर समुद्रातला आहे. नवव्या शतकात नॉर्वेचा फ्लोकी शेटलंड आणि फॅरो बेटे मागे टाकून आइसलंडच्या शोधात निघाला, तेव्हा त्याच्याजवळ तीन डोमकावळे होते. पहिला सोडला, तो मागे, आल्या वाटेने उडाला. दुसरा उंच गेला आणि परत नौकेवर बसला. तिसरा नाळेवरून सरळ पुढे गेला, आणि त्याच्या मागोमाग फ्लोकीला भूमी लागली. आइसलंडच्या वसाहतीची हकीकत सांगणाऱ्या जुन्या ग्रंथात ही गोष्ट आहे, आणि तिथले लोक त्याला आजही ‘ह्राफ्ना-फ्लोकी’, म्हणजे डोमकावळ्यांचा फ्लोकी, असेच म्हणतात. नोहाच्या तारवातून पहिला उडाला तोही डोमकावळाच. तेव्हा अरबी ग़ुराबात निव्वळ काळा रंग पाहू नये. नौकेच्या पुढे जाऊन वाट दाखवणारा पक्षी, ही आठवणही त्यात मिसळलेली असावी. पुरावा नाही, पण शक्यता मनातून जात नाही.

‘तीरदस्सी सकुण’ यातला सकुण म्हणजे आपला शकुन. संस्कृतात शकुन, शकुनि, शकुंत या सगळ्यांचा पहिला अर्थ पक्षी. शकुंतांनी सांभाळलेली ती शकुंतला. पक्ष्याच्या उडण्यावरून पुढचे ओळखायचे, म्हणून पक्ष्याचे नाव भाकिताला लागले आणि मराठीत शकुनातला पक्षी उडून गेला, नुसते भाकीत उरले. लॅटिनमध्येही तेच घडले. ‘आउस्पिकियुम’ म्हणजे शकुन पाहणे, त्यातला ‘अविस’ म्हणजे पक्षी (संस्कृत ‘वि’ हा त्याचा नातलग) आणि ‘स्पेकेरे’ म्हणजे पाहणे (आपल्या ‘पश्यति’, ‘स्पश’च्या घरचा). शब्दशः पक्षीनिरीक्षण. हल्ली आपण हा शब्द छंदासाठी वापरतो. तीर हरवलेल्या नौकेवर तो जीव वाचवण्याचा मार्ग होता. पक्षी दिसत नसत तेव्हा खलाशी साप पाहत. ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेचा अज्ञात लेखक सांगतो की भारताचा किनारा जवळ आला हे पाण्यावर येणाऱ्या सापांवरून कळते, आणि त्यांतल्या एका जातीला तो ‘ग्राआइ’ म्हणतो. गजेंद्राचा पाय धरणारा ‘ग्राह’ त्यात ऐकू येतो का, हे वाचकांनीच आपल्या कानाला विचारावे.

इथवर परक्या शब्दामागे धावलो. पण गुराबेचे नेमके प्रतिरूप संस्कृतात आहे आणि त्याकडे फारसे कुणी पाहत नाही. दंडीच्या दशकुमारचरितात मित्रगुप्ताच्या कथेत यवनांचे एक जहाज आहे. त्यावर अनेक नौकांनी वेढलेला एक ‘मद्गु’ चाल करून येतो आणि यवन घाबरतात. संदर्भावरून मद्गु ही लढाऊ नौका आहे, यात शंका नाही. आणि अमरकोशात मद्गु कुठे आहे? पक्ष्यांत. मद्गु, कारंडव, प्लव अशी नावे तिथे एकापाठोपाठ येतात. मद्गु म्हणजे बुड्या मारणारा पाणपक्षी, आपला पाणकावळा. अरबांनी लढाऊ नौकेला कावळा म्हटले, दंडीच्या काळात आपण तिला पाणकावळा म्हणत होतो. ही देवघेव असावी असे वाटत नाही. दोन किनाऱ्यांवरच्या डोळ्यांना एकच गोष्ट स्वतंत्रपणे दिसली असावी.

पाणकावळाच का? यासाठी पनवेलच्या खाडीकडे ओहोटीच्या वेळी पाहावे. गाढी नदी खाडीला मिळते त्या बाजूला जाळ्यांसाठी रोवलेल्या खुंटांवर छोटे पाणकावळे पंख पसरून बसलेले असतात. बदकाची पिसे पाणी झटकून टाकतात. पाणकावळ्याची भिजतात, आणि त्यातच त्याचा फायदा आहे: भिजलेल्या पिसांत हवा कमी राहते, अंग हलके तरंगत नाही, बुडी सोपी जाते. म्हणून बाहेर आल्यावर त्याला तासन्‌तास पंख वाळवावे लागतात. आता तो पोहताना पाहा. बदकासारखा तो पाण्यावर बसत नाही, अर्धा पाण्यात असतो. पाठ जेमतेम ओली रेघ म्हणून दिसते, वर असते ती ताठ मान आणि पुढे काढलेली चोच. वल्ह्यांनी चालणारी, काठ पाण्याशी टेकलेली, नाळ तेवढी उचललेली अरुंद लढाऊ नौका दुरून अगदी अशीच दिसत असणार. मद्गु हे नाव देणाऱ्याने पक्ष्याची काळी पिसे पाहिली नाहीत, त्याची पाण्यातली बैठक पाहिली, असे माझे मत आहे.

मद्गु शब्द मज्ज्‌ या धातूपासून साधतात. मज्जति, तो बुडतो. मज्जन, निमग्न, उन्मज्जन हे सगळे त्याच घरचे. लॅटिन ‘मेर्गेरे’, बुडवणे, हा त्याचा दूरचा चुलतभाऊ, आणि त्यापासून ‘मेर्गुस’, बुडी मारणारा पक्षी. म्हणजे मद्गु आणि मेर्गुस ही एकाच धातूची, एकाच प्रकारच्या पक्ष्याला लागलेली नावे. उत्तर युरोपच्या थंड पाण्यात मासे पकडणारे एक करवती चोचीचे बदक आहे, मर्गान्झर. मेर्गुस अधिक ‘आन्सेर’. आन्सेर म्हणजे हंस, आणि हे भाषांतर नव्हे, तो शब्दच आपल्या हंसाचा भाऊ आहे. बाल्टिकच्या किनाऱ्याने शीड लावून जाणाऱ्याला जे बदक दिसते, त्याला संस्कृतात नाव द्यायचे झाले तर मद्गुहंस असे जसेच्या तसे देता येईल. खुद्द पाणकावळ्याचे इंग्रजी नाव कॉर्मोरंट. तेही लॅटिन ‘कोर्वुस मारिनुस’पासून आलेले, म्हणजे समुद्रकावळा. मद्गु मराठीपर्यंत पोचला नाही. प्राकृतात त्याचा मग्गु होतो आणि वाट तिथेच संपलेली दिसते. पण मराठीने पाणी आणि कावळा जोडून जो नवा शब्द घडवला, तो लॅटिनशी तंतोतंत जुळला.

अमरकोशातल्या त्याच रांगेतला ‘प्लव’ही विसरू नये. प्लु म्हणजे तरंगणे. प्लव म्हणजे एक पाणपक्षी, आणि प्लव म्हणजे तराफा, होडी. इथे कुणी कुणाचे नाव घेतले हे सांगणे कठीण आहे. दोघेही तरंगतात, म्हणून दोघेही प्लव.

मग आरमारातल्या बाकीच्या नावांकडेही संशयाने पाहावेसे वाटते. आरमार हे पोर्तुगीज ‘आर्मादा’, तिथे प्राणी नाही. गलबत मात्र पोर्तुगीज ‘गालेओता’कडून आलेले दिसते, ते मध्ययुगीन ‘गालेआ’कडून, आणि गालेआच्या मुळाशी ग्रीक ‘गालेओस’ असावा असे एक मत आहे. गालेओस म्हणजे छोटा शार्क, आपली मुशी. हे मत खरे निघाले तर आंग्र्यांच्या आरमारात डोमकावळे आणि मुशी खांद्याला खांदा लावून लढत होत्या. मचव्याबद्दल दोन पक्ष आहेत. एक मच्छ, मछुआ या मासेमारीच्या घराण्याकडे नेतो, दुसरा मल्याळम ‘मंजी’ आणि तिच्यापासूनच्या पोर्तुगीज ‘मांचुआ’कडे. पहिला ऐकायला गोड आहे. पण मत्स्य-मच्छ यांचा मराठीत मासा होतो, मच होत नाही. म्हणून माझे वजन दुसऱ्या पारड्यात.

बगला हे अरबी व्यापाऱ्यांचे मोठे जहाज तर फारच फसवे आहे. ते उच्चारताच डोळ्यांपुढे बगळा उभा राहतो, पांढऱ्या शिडांचा. पण अरबी ‘बग़्ला’ म्हणजे खेचरी, ओझे वाहणारी. काही कोशकार त्याही पलीकडे जाऊन स्पॅनिश-पोर्तुगीज ‘बाशेल’, म्हणजे भांडे आणि जहाज, याच्याशी नाते जोडतात. गंमत अशी की मराठीत त्या जनावराला आपण खेचर म्हणतो, आणि संस्कृतात खेचर म्हणजे आकाशात फिरणारा, पक्षी! जनावराचा खेचर तुर्की शब्दावरून, खच्चराच्या वाटेने आलेला आणि मग संस्कृत वेष चढवलेला असावा. पण बगल्यातून हाकललेला पक्षी खेचरातून पुन्हा आत आला, हे नाकारता येत नाही.

बगळा आणि बगला यांना वेगळे करणारे एक साधे हत्यार आपल्या हाती आहे: ळ. प्राकृतातला दोन स्वरांमधला एकेरी ल मराठीत ळ होतो, जोड ल्ल मात्र ल म्हणून राहतो. उशिरा आलेल्या परक्या शब्दांतला ल तर हलतच नाही. ‘बगला’ ल धरून बसला आहे, म्हणजे तो उशिराचा पाहुणा. हेच हत्यार पनवेलवर चालवून पाहू. पनवेलमधला ‘वेल’ संस्कृत ‘वेला’, म्हणजे भरतीची मर्यादा, समुद्रकिनारा, असावा असे कुणालाही वाटेल. खाडीकाठच्या गावाला ते शोभते. पण वेलाची मराठीत वेळ होते. किनारा या अर्थाचा माग काढायचा तर कासवांसाठी प्रसिद्ध असलेले वेळास किंवा वेळणेश्वर ही गावे तपासावीत, तिथे ळ आहे. पनवेलला ल आहे, म्हणून तिथे वल्ली-वेल्ली या जोड ल्लच्या घराण्यातला वेल दिसतो, आणि पुढचा ‘पन’ पानाचा आखडलेला असावा. पानवेल, नागवेल. बंदराच्या नावात समुद्र नसावा याची थोडी हळहळ वाटते, पण ध्वनिनियमापुढे इलाज नाही.

मुंबई बंदरात हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे कुरव आज घारापुरीच्या लाँचमागे उडतात आणि प्रवासी त्यांना खाऊ टाकतात. कुरव हे नाव संस्कृत ‘कुरर’, ‘कुररी’पासून आले असावे. कुररीसारखा विलाप ही महाकाव्यांतली ठरीव उपमा. अभ्यासक कुररला कधी मत्स्यगरुड मानतात, कधी सुरय, आणि मराठीने तो कुरवावर नेऊन बसवला. म्हणजे पाण्यावर ओरडणाऱ्या पक्ष्याचे नाव हजारो वर्षे टिकले, पक्षी तेवढे बदलत राहिले.

छापील पुस्तकांत आज पाणकावळा, कुरव, सुरय, रोहित ही नावे रुळली आहेत. खाडीकाठच्या कोळ्यांची आणि आगऱ्यांची नावे मात्र अनेकदा निराळी असतात, आणि कोशांत ती फारशी उतरलेली नाहीत. मद्गुचे एखादे झिजलेले रूप उलवे, न्हावा, उरण किंवा पनवेलच्या कोळीवाड्यात कुणाच्या तोंडी अजून जिवंत असेल, तर ते शोधायची वेळ हीच आहे, कारण शिडाच्या होडीत उमेदीची वर्षे घालवलेली माणसे आता थोडी उरली आहेत. आपल्या घरात असे कुणी असेल तर त्यांना पाणकावळ्याचे, बगळ्याचे, होडीच्या प्रत्येक भागाचे नाव विचारा आणि गावाच्या नावासकट लिहून ठेवा. लिहिताना ल आणि ळ तेवढा त्यांच्या तोंडून जसा येईल तसाच ठेवा, सुधारू नका.